अख्खी कोंबडी कोळशावर, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

तुकड्यांचं बार्बेक्यू बऱ्याच जणांनी केलेलं असतं. निखाऱ्यावर जाळी, जाळीवर चिकन, हातात चिमटा, वीस-पंचवीस मिनिटांत खेळ खलास. अख्खी कोंबडी तशीच ठेवली की मात्र वरून काळीठिक्कर पडते आणि मांडीत सुरी घातली की आत कच्ची, कारण एक-सव्वा किलोचा पक्षी मध्यापर्यंत शिजायला पाऊण तास ते सव्वा तास लागतो आणि निखाऱ्याची थेट आच एवढा वेळ कुठलीच कातडी सहन करत नाही. त्यामुळे बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी एक लक्षात ठेवा, विस्तव कोंबडीच्या खाली ठेवायचा नाही, बाजूला ठेवायचा, आणि वर झाकण लावायचं.

रायगडकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. पोपटीत मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, चिकन, अंडी असं सगळं गच्च भरतात, मडकं उपडं ठेवतात आणि जाळ भोवतीने लावतात, आतलं सगळं चारी बाजूंच्या धगीवर आणि स्वतःच्याच वाफेवर शिजतं. झाकणाच्या ग्रिलमध्ये हेच होतं, फक्त धूर लागतो आणि कातडी कुरकुरीत होते हे वरचं बोनस.

आता ग्रिल कुठलं. झाकण असलेलं कुठलंही, बस. गोल केटल ग्रिल सगळ्यात सोपं. हे डिझाईन 1952 सालचं, शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये समुद्रात तरंगणारे बोये बनायचे, तिथे काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफनने तसला गोळा अर्धा कापून खाली पाय आणि वर झाकण लावलं, अजूनही आकार तोच आहे. आपल्याकडे आता ओरिजिनल पण मिळतं आणि त्याच्या स्वस्त कॉप्या पण मिळतात. कॉपी घेताना एकच बघा, झाकण नीट बसतंय का आणि वरची-खालची हवेची भोकं उघडझाप होतायत का. ती भोकं म्हणजे तुमच्या गॅसचं बटण आहे, ते नसेल तर आच कंट्रोल करायला हातात काही उरत नाही. झाकण नसलेलं लांबट शेगडीसारखं ग्रिल घरात असेल तर त्यावर तंगड्या आणि टिक्के करा, अख्खीच्या नादाला लागू नका.

काही जण फॅब्रिकेशनवाल्याकडून ड्रम कापून घेतात, भारी आयडिया आहे, स्वस्तात काम होतं, पण ड्रम आधी कशाचा होता ते विचारा. केमिकलचा नको. गॅल्व्हनाईज्ड म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा जाळी पण नको, जास्त तापलं की त्यातून निघणारा धूर विषारी असतो. आणि नवीन ड्रम पहिल्यांदा नुसताच तास-दोन तास जोरदार पेटवून आतला रंग आणि ऑइल जाळून टाका, मगच त्यात खायचं काही ठेवा.

कोळसा म्हणजे लाकडी कोळसा, लोणारी कोळसा म्हणतात तो. इस्त्रीवाले वापरतात तो बऱ्याचदा हाच असतो, त्यांना विचारलं तर दुकान पण सांगतात. दगडी कोळसा चुकूनही नको, त्यात गंधक असतं, वास पण घाण आणि तब्येतीला पण वाईट. बाभळीचा कोळसा चांगला टिकतो. नारळाच्या करवंटीच्या कोळशाच्या ब्रिकेट म्हणजे दाबून केलेल्या वड्या ऑनलाईन मिळतात, त्या पेटायला वेळ घेतात पण एकदा पेटल्या की तास-दीड तास एकसारखी आच देतात, नवख्या माणसाला त्या जास्त सोप्या जातात. पावसाळ्यात ठेवलेला कोळसा ओल धरतो, मग तडतडतो आणि धूरच धूर करतो, आदल्या दिवशी उन्हात पसरून ठेवा. एका कोंबडीला दीड किलो घेऊन ठेवा, पेटवायला त्यातला सव्वा किलो पुरतो, उरलेला नंतर भर घालायला.

कोंबडी आणणं हा आपल्याकडे सगळ्यात किचकट भाग आहे हे कुठल्याही अमेरिकन व्हिडिओत सांगत नाहीत. तिकडे कातडीसकटच मिळते. आपला चिकनवाला पिसं आणि कातडी एका झटक्यात ओढून काढतो आणि तुम्ही "अख्खी द्या" म्हणालात तरी सोललेलीच अख्खी देतो. म्हणून दुकानात गेल्या गेल्या, कोंबडी पिंजऱ्यातून बाहेर काढायच्या आधी सांगायचं, "स्किनसकट पाहिजे, पिसं काढून द्या, तुकडे करू नका, फक्त आतलं साफ करा." काहींकडे पिसं काढायचं मशीन असतं, काही गरम पाण्यात बुडवून हाताने काढतात, काही सरळ नाही म्हणतात. सकाळी लवकर, गर्दी नसताना गेलात तर करून देण्याचे चान्स जास्त, रविवारी अकरा वाजता हे मागायला जाऊ नका, मागच्या लायनीतले लोकच तुम्हाला सोलतील. वजन जिवंतपणी करत असतील तर साधारण पावणेदोन ते दोन किलोची घ्या, साफ होऊन स्किनसकट सव्वा ते दीड किलो हातात येते. यापेक्षा मोठी पहिल्यांदा नको.

घरी आणली की बारीक पिसांचे खुंट राहिलेले असतात ते गॅसच्या जाळावर फिरवून जाळायचे, गावाला कोंबडी हळद लावून भाजतात ना तसंच, फक्त इथे अर्धा मिनिट पुरे.

मग धुण्याचा विषय. जगभरचे अन्नसुरक्षावाले सांगतात कच्चं चिकन धुवू नका, पाण्याचे शिंतोडे उडून जंतू सिंकभर आणि शेजारच्या काकडीवर जातात, आणि शिजवताना जंतू मरतातच. आपल्याकडे न धुता चिकन चुलीवर चढवायचं म्हटलं तर घरातून बाहेर काढतील. तर धुवायचंच असेल तर नळाखाली धरू नका, पातेल्यात पाणी घेऊन त्यात हलक्या हाताने धुवा, पाणी अलगद ओता आणि सिंक नंतर साबणाने घासा. आणि मग पुसा. आतून-बाहेरून, पंखाखाली, मांडीच्या खाचेत, टिश्यूने नाहीतर स्वच्छ फडक्याने अगदी कोरडी होईपर्यंत, फडकं लगेच धुवायला टाका. ओली कातडी कधीच कुरकुरीत होत नाही, आधी ते पाणी उडण्यातच अर्धी आच जाते.

आता कणा काढायचा. हे ऑप्शनल आहे पण नवीन माणसाने करावंच असं माझं ठाम मत आहे. कोंबडी उपडी ठेवा, शेपटाकडून सुरुवात करून पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी किचनच्या मजबूत कात्रीने मानेपर्यंत कापत जा, बरगड्या कटकट तुटतात, घाबरायचं नाही. कणा बाहेर काढून सूपला ठेवा. मग कोंबडी उलटी करा, छाती वर, पाय बाहेर पसरलेले, आणि छातीच्या मधोमध तळहाताने दणका देऊन दाबा, कट्ट असा आवाज येतो आणि सगळी पुस्तकासारखी उघडून सपाट होते. फायदा काय तर जाडी सगळीकडे जवळपास सारखी होते, पाऊण तास-पन्नास मिनिटांत काम होतं, आणि कातडी सगळी वरच्या बाजूला येते. न कापता गोल ठेवलीत तर तासभर ते सव्वा तास धरा, आणि तेवढ्या वेळात छाती कोरडी पडायचे चान्स वाढतात. चिकनवाल्यालाच कणा काढून द्यायला सांगता येतं, पण त्याच्या हाताला दोन तुकडे करायची सवय असते, समोर उभे राहा.

मीठ. किलोला 12 ते 15 ग्रॅम, म्हणजे आपलं बारीक मीठ सपाट चहाचे दोन ते अडीच चमचे. सगळीकडे चोळायचं, कातडीखाली बोटं घालून छातीच्या मांसाला पण, तिथे जास्त गरज असते. मिठात एक चमचा बेकिंग पावडर मिसळली तर कातडी जास्त छान लाल आणि कुरकुरीत होते, पण बेकिंग पावडर, खायचा सोडा नाही, सोड्याने साबणासारखी चव येते. मग रात्रभर फ्रीजमध्ये उघडीच ठेवायची म्हणजे कातडी वाळते. सगळ्यात खालच्या कप्प्यात, काठाच्या ताटात, कारण पाणी सुटतं. घरात शाकाहारी माणसं असतील तर उघडी कोंबडी फ्रीजमध्ये बघून जे काय होईल त्याची जबाबदारी तुमची, जाळीचं झाकण टाका निदान. रात्रभर नसेल जमत तर दोन-तीन तास तरी द्या.

मसाल्यात लोक जास्त उत्साह दाखवतात. दह्यातलं ओलं मॅरिनेशन स्किनवाल्या कोंबडीच्या वर लावू नका, कातडी चामट होते. मसाला कातडीच्या खाली घाला. गोव्याचा रेशाद मसाला मिळाला तर प्रश्नच मिटला, व्हिनेगर, लाल मिरची, लसूण सगळं त्यात आहेच, दोन चमचे कातडीखाली सरकवायचा आणि वरून फक्त तेलाचा हात फिरवायचा. काफ्रेयालचा हिरवा मसाला पण असाच चालतो, पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतून गोव्यात आलेला प्रकार आहे तो, कोंबडी आणि विस्तवासाठीच जन्मलेला. काहीच नसेल तर लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, थोडं लोणी खलबत्त्यात ठेचा आणि ते भरा, पण मिठाचा हिशोब ठेवा, आधी लावलेलं आहे. लिंबू रात्रभर नको, मांस पिठूळ होतं, खाताना पिळा. गूळ, मध, साखर असलेला कुठलाही सॉस शेवटच्या दहा मिनिटांत, आधी लावला की जळून कडू.

स्किनवाली मिळालीच नाही तर? तर मग दह्याचंच करा, चक्क्यासारखं घट्ट दही, आलं-लसूण, तिखट, मांड्यांना आणि छातीला चिरा, चार-सहा तास फ्रीजमध्ये, आणि भाजताना मधून मधून तूप-तेलाचा ब्रश. तंदुरीवाले हेच करतात. बाकी सगळी पद्धत तीच.

पेटवायला रॉकेल नाही, पेट्रोल तर अजिबात नाही. चिमणी स्टार्टर म्हणून पत्र्याचा नळकांडं टाईप डबा मिळतो, वर कोळसा, खाली दोन-तीन वर्तमानपत्राचे बोळे, काडी लावा आणि लांब जा. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशावर राखेची पांढरी साय आली की झालं. सुरुवातीचा जाड पांढरा धूर जाईपर्यंत कोंबडी जवळ आणायची नाही, तो धूर लागला की कडवट लागते. आणि हे सगळं उघड्यावर, गच्चीत, अंगणात. खिडक्या लावलेल्या बाल्कनीत किंवा गाडीच्या शेडमध्ये शटर ओढून कोळसा पेटवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साईड, त्याला वास नसतो, माणूस झोपल्यासारखा जातो. पावसाची सर आली तर छत्री धरा, ग्रिल घरात ओढू नका.

पेटलेला कोळसा ग्रिलच्या एका अर्ध्या भागात ओता, दुसऱ्या अर्ध्यात एक जुनी थाळी किंवा ॲल्युमिनियमचा ट्रे ठेवा, त्यात बोटभर पाणी. कोंबडी या ट्रेच्या वर येणार, चरबी ट्रेमध्ये पडणार, भडका उडणार नाही. जाळी ठेवा, झाकण लावा, पाच-दहा मिनिटं तापू द्या, जाळीला तेलाचं फडकं चिमट्याने फिरवा. मग कोंबडी, कातडी वर, मांड्या कोळशाच्या बाजूला आणि छाती लांब, कारण मांडीला जास्त आच लागते आणि छातीला कमी. झाकणाची वरची भोकं कोंबडीच्या डोक्यावर येतील असं झाकण फिरवून लावा म्हणजे धूर आणि धग तिच्यावरून जाऊन बाहेर पडते.

वरची भोकं पूर्ण उघडी, कायम. आच कमी-जास्त करायची ती खालच्या भोकांनी. झाकणावरचा काटा 180 ते 200 डिग्रीच्या मध्ये असला की मस्त. वर जायला लागला तर खालचं भोक थोडं मिटा, पडायला लागला तर उघडा, आणि प्रत्येक वेळी बदल केला की पाच मिनिटं हात बांधून बसा, लगेच फरक दिसत नाही. अर्धा तास झाकण उघडायचं नाही. खरंच नाही. पाहुणे येऊन "बघू तरी" म्हणतात, त्यांना कांदा चिरायला बसवा. झाकण उघडलं की साठलेली धग जाते आणि हवा लागून कोळसा भडकतो, दोन्हीकडून नुकसान.

धुराचा वास पाहिजे असेल तर आंबा, पेरू, चिकू, जांभूळ यातल्या कशाचंही मुठीएवढं सुकं लाकूड निखाऱ्यावर ठेवा, एक किंवा दोन, कोंबडी धूर पटकन पकडते. भिजवायची गरज नाही, भिजवलेलं लाकूड आधी नुसती वाफ सोडतं. कडुनिंब, पाईनसारखं चिकाचं लाकूड, प्लायवूड, रंग लावलेलं फर्निचर, यातलं काही नको. भोकातून पातळ निळसर धूर येत असेल तर सगळं बरोबर चाललंय.

स्मोकर, म्हणजे मंद आचेवर धुरात शिजवायचं बंद ग्रिल, असेल तर त्यात एक वेगळी गोष्ट. इंटरनेटवर सगळे 110 डिग्री, सहा तास असं सांगत असतात, ते डुकराच्या खांद्यासाठी ठीक आहे, त्यात कडक धागे विरघळायचे असतात. ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांची असते, तिच्यात विरघळायला काही नाही, कमी आचेवर ठेवली तर कातडी रबरासारखी होते एवढंच. स्मोकर 150-160 पर्यंत चढवा, कणा काढलेली कोंबडी सव्वा-दीड तासात होते.

पस्तीस मिनिटांनी थर्मामीटर लावायला सुरुवात करा. टोकदार डिजिटल किचन थर्मामीटर हजाराच्या आत मिळतो आणि ग्रिलवर जेवढे पैसे टाकलेत त्यापेक्षा तो जास्त उपयोगाचा आहे. छातीच्या सगळ्यात जाड भागात मानेच्या बाजूने आडवा घालायचा, हाडाला टेकवायचा नाही, हाड वेगळाच आकडा दाखवतं. दुसरा आकडा मांडी आणि अंग जिथे मिळतं तिथला. सुरक्षित आकडा 74 डिग्री. छाती 71 ला आली की उतरवली तरी चालते, ताटात ठेवल्यावर अजून तीन-चार डिग्री चढते, फक्त कापायच्या आधी पुन्हा टोचून 74 बघून घ्या. मांडी मात्र 80 ते 85 पर्यंत जाऊ द्या, 74 ला ती सेफ असते पण चावायला वातड लागते. मांड्या कोळशाकडे ठेवल्यामुळे दोन्ही साधारण एकाच वेळी होतात.

रंगावर जाऊ नका. कमी वयाच्या ब्रॉयलरचं हाड कच्चं असतं, त्यातला लाल रंग झिरपून हाडाजवळचं मांस पूर्ण शिजलं तरी गुलाबी दिसू शकतं, धुरामुळे पण कातडीखाली गुलाबी पट्टा येतो. उलट कधीकधी पांढरंशुभ्र दिसतं आणि आकडा 65 असतो. घरातल्या मोठ्यांनी "कच्चं आहे हो" म्हटलं तर त्यांना थर्मामीटरचा आकडा दाखवा, पटणार नाहीच, त्यांचा तुकडा परत दोन मिनिटं निखाऱ्यावर धरा, सगळे खूष.

कातडी अजून मऊ वाटत असेल तर शेवटी कोंबडी उचलून कातडी खाली करून थेट निखाऱ्यावर दोन-तीन मिनिटं, आणि इथे जागचं हलायचं नाही, फोन खिशात. चरबी पडून भडका उठला तर पाणी मारू नका, राख उडून सगळी कोंबडीवर बसते, कोंबडी थंड बाजूला सरकवा आणि झाकण लावा, हवा बंद झाली की भडका आपोआप बसतो.

अर्ध्यातच आच पडली, हे पण होतं, लोणारी कोळसा लवकर संपतो. चाळीसाव्या मिनिटाला काटा 150 च्या खाली गेला तर पेटत्या निखाऱ्यावर सात-आठ नवीन तुकडे टाका, खालचं भोक पूर्ण उघडा. त्यापेक्षा सोपं म्हणजे तेवढ्या वेळात गॅसवर थोडा कोळसा लाल करून आणून टाकणं. आणि अगदीच अंधार पडला, पाऊस आला, कोळसा संपला, तर उरलेलं घरातल्या ओव्हनमध्ये 180 वर पूर्ण करा, धुराचा वास पहिल्या अर्ध्या तासातच लागलेला असतो, कोणाला कळत पण नाही.

उतरवल्यावर दहा-पंधरा मिनिटं पाटावर तशीच ठेवा, फॉईलने गच्च झाकू नका, वाफेने कातडी परत मऊ पडते. पाट आणि सुरी कच्च्याला वापरलेली नको, ही चूक बार्बेक्यूत सगळ्यात कॉमन असते कारण सगळं सामान एकाच टेबलावर पसरलेलं असतं. आधी मांड्या वेगळ्या करा, मग पंख, मग छाती आडवी कापा. सोबत भाकरी, कांदा, लिंबू आणि कोल्हापूरकडचा खरडा. उरलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, मे महिन्यात तासाभरात. राख लगेच प्लास्टिकच्या बादलीत टाकू नका, आतले निखारे दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहू शकतात, भोकं सगळी बंद करून तसंच राहू द्या, विझलेला कोळसा पुढच्या वेळी परत वापरता येतो.

दुसरे पक्षी करायचे असतील तर थोडक्यात. बदकाला चरबी फार, कातडीला सुईने भोकं पाडा पण मांसापर्यंत जाऊ नका, ट्रे मोठा ठेवा आणि 150-160 वर दोन-अडीच तास धरा. अमेरिकेत राहणारे आपले लोक थँक्सगिव्हिंगला टर्की करतात, ती फ्रोझन असते, पाच किलोची फ्रीजमध्ये वितळायला दोन ते तीन दिवस लागतात, हे आदल्या रात्री आठवून उपयोग नाही. तिचा पण कणा काढा, मिठाचं प्रमाण तेच, वेळ दीड ते दोन तास, आकडे तेच. तिकडच्या कोंबड्या पण दोन किलोच्या आसपास असतात, त्यांना वर दिलेल्या वेळेपेक्षा पंधरा-वीस मिनिटं जास्त द्या. आणि कोणी हौसेने गावठी कोंबडी आणून दिली तर ती यात घालू नका, ती फिरून-चरून वाढलेली असते, कोरड्या आचेवर तास-दोन तासांत मऊ होणार नाही. तिचा रस्सा करा आणि ग्रिलवर मक्याची कणसं भाजा.